‘रीफ सेफ’ म्हणून विकलेली लोखंडी पुट्टी: ठाण्यातील खरेदीचा अनुभव

खाऱ्या पाण्याच्या टाकीत खडकांची रचना करू पाहणाऱ्यांनी चिकटवण्याचे साहित्य घेण्याआधी हा अनुभव वाचावा, यासाठी तो तपशिलाने लिहीत आहे. ठाणे पश्चिमेतील मत्स्यालय साहित्याच्या एका दुकानातून ‘इम्पोर्टेड, रीफ सेफ कोरल इपॉक्सी’, म्हणजे प्रवाळाच्या टाकीला निर्धोक पुट्टी, म्हणून मला चौदाशे रुपयांना जी कांडी विकण्यात आली, ती प्रत्यक्षात पाइप आणि यंत्रांच्या भेगा बुजवण्यासाठी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, लोखंडाची भुकटी मिसळलेली पुट्टी होती. तिचे मूळ वेष्टन काढून टाकलेले होते आणि पारदर्शक प्लॅस्टिकवर प्रवाळाचे रंगीत चित्र असलेला स्टिकर लावलेला होता.

घोडबंदर रोडवरील आमच्या घरी चार फुटी टाकीची तयारी चालू होती. दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येत असल्याने समुद्रातून काढलेला खडक घेण्याचा प्रश्नच नव्हता; मी कृत्रिमरीत्या तयार केलेला ड्राय रॉक आणला होता आणि त्याची मधोमध एक कमान उभी करायची होती. टाकीत पुढे कोळंबी, शंख आणि मशरूम कोरल ठेवायचे आहेत, हे मी दुकानदाराला स्पष्ट सांगितले होते. “साहेब, बिनधास्त लावा, सगळे रीफवाले हीच नेतात,” असे तो म्हणाला. कंपनीचा खोका दाखवा म्हटल्यावर, माल मोठ्या खोक्यात येतो आणि आम्ही तो सुटा विकतो, असे उत्तर मिळाले. बिलावर त्याने फक्त ‘अ‍ॅक्वेरियम अ‍ॅक्सेसरीज’ एवढेच लिहिले.

ही फसवणूक कशी खपून जाते हे कळण्यासाठी इपॉक्सी पुट्टीचा स्वभाव माहीत असावा लागतो. कांडीत रेझिन आणि हार्डनर असे दोन थर असतात. ते एकजीव होईपर्यंत मळले की रासायनिक क्रिया सुरू होते, गोळा किंचित गरम होतो आणि काही तासांत दगडासारखा कडक होतो. पाण्याखालीसुद्धा तो कडक होतो. हे सगळे चांगल्या पुट्टीत जसे घडते तसेच लोखंडी पुट्टीतही घडते, त्यामुळे मळताना आणि लावताना ग्राहकाला फरक जाणवत नाही. लावल्यानंतर काही काळ स्किमरमध्ये, म्हणजे फेसाद्वारे पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्रात, फेसाचा पूर येतो, तोही दोन्हींत येतो. फरक दिसायला लागतो तो मिठाच्या पाण्यात काही आठवडे गेल्यानंतर.

आमच्या टाकीत सांध्यांच्या कडेने आधी तपकिरी डाग उमटले आणि मग नेमक्या त्याच रेषेवर हिरव्या शेवाळाची दाट झालर उगवली. लोह हे शेवाळाचे खाद्य आहे. पुढे पाणी बदलताना पातळी कमानीच्या खाली उतरली आणि कमान मधूनच निखळून वाळूवर पडली. पाण्यात बुडालेल्या भरीव खडकाचे वजन एक-तृतीयांशाहून थोडे जास्तच हलके भासते. पाणी उतरले की पूर्ण भार सांध्यावर येतो, त्यामुळे सांधा कच्चा असेल तर तो नेमका अशा वेळी सुटतो. सुदैवाने काच वाचली.

तुटलेल्या सांध्याचा आतला भाग गडद राखाडी होता आणि कडेला नखाने खरवडल्यावर गंजाची पूड हाताला लागत होती. तो तुकडा मी जुन्या खलात कुटला, पूड कागदावर पसरली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक तिच्यावरून फिरवले. पुडीतले बारीक कण उडी मारून पिशवीला चिकटले आणि काटेरी केसांसारखे उभे राहिले. त्याच पुट्टीचा दुसरा तुकडा काचेच्या बरणीत ताज्या मिठाच्या पाण्यात ठेवला आणि शेजारच्या बरणीत नुसते तेच पाणी ठेवले. पहिल्या बरणीच्या तळाशी विटकरी रंगाचा गाळ साचला, दुसरी स्वच्छ राहिली. दोन्ही बरण्यांचे आणि चुंबकाचे फोटो तारखेसह काढून ठेवले आहेत.

नौपाड्यातील एका हार्डवेअरच्या दुकानात तो तुकडा दाखवताच दुकानदारकाकांनी मागच्या फळीवरून त्याच जाडीची, तशाच दोन थरांची कांडी काढून समोर ठेवली. तिची किंमत दीडशे रुपयांच्या आत होती. वेष्टनावर धातूची भुकटी असल्याचे निर्मात्याने प्रामाणिकपणे छापलेले होते, त्यामुळे निर्मात्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती हे छापील वेष्टन फाडून त्याजागी ‘नॉन-टॉक्सिक’ असे लिहिणाऱ्याबद्दल. अशा पुट्ट्या लोखंडाप्रमाणेच तांबे किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीच्याही मिळतात आणि खरा धोका तिथे आहे. माशांच्या रोगावर औषध म्हणून वापरतात ते दर लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबेसुद्धा कोळंबी आणि शंखांच्या जिवावर बेतते. आज लोखंडाची कांडी सोलून विकणारा माणूस उद्या तांब्याची सोलणार नाही, याची खात्री कोण देणार?

मी तुकडा आणि बिल घेऊन दुकानात गेलो, तेव्हा “तुमच्या पाण्यातच गडबड आहे, आरओचा टीडीएस तपासा,” असे मला सुनावण्यात आले. आरओच्या पाण्याने खडकाच्या पोटात लोहचुंबकाला चिकटणारी पूड तयार होत नाही. हे मी शांतपणे सांगितल्यावर त्याने बिलाकडे बोट दाखवले: यावर इपॉक्सी लिहिलेले कुठे आहे?

म्हणून बिलावर वस्तूचे पूर्ण नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार पाकीटबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. आयात मालावर मूळ देशही असावा लागतो. माझ्या कांडीवर यांतले काहीच नव्हते. ‘रीफ सेफ’ हे शब्द स्टिकरवर कोणीही छापू शकतो, त्यामुळे त्यांच्याऐवजी घटक वाचावेत आणि धातूच्या भुकटीचा उल्लेख दिसला तर कांडी परत ठेवावी.

खडक पकडून ठेवण्याचे काम मुळात एकट्या पुट्टीचे नाही. ती खाचा भरते, परंतु सच्छिद्र खडकाला चिकटत फारशी नाही. चिकटवण्याचे काम सायनोअ‍ॅक्रिलेट जेलचे, म्हणजे घट्ट सुपरग्लूचे. हा गोंद ओलाव्यानेच आवळतो, मात्र ठिसूळ असतो. दोन्ही बाजूंना जेल आणि मध्ये पुट्टीचा गोळा, असा सांधा दोघांची उणीव भरून काढतो, आणि कमानीसारख्या भार घेणाऱ्या जागी खडकाला भोक पाडून अ‍ॅक्रिलिकची कांडी घातलेली बरी. नवीन कमान मी याच पद्धतीने टाकीबाहेर कोरडी बांधली आणि पूर्ण वजनावर तपासून मगच आत ठेवली. मळताना रबरी हातमोजे घालावेत, कारण कच्च्या इपॉक्सीने त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते; सुती हातमोजे मात्र कटाक्षाने टाळावेत, कारण सुपरग्लू सुताला लागला की इतका तापतो की हात भाजतो. पुट्टीऐवजी बाथरूमचे बुरशीरोधक सिलिकॉन सुचवणारेही भेटतील. बुरशी मारणारे रसायन टाकीतल्या जिवांनाही सोसवत नाही, त्यामुळे ते घेऊ नये.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची कागदपत्रे तयार करत आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. प्रवाळाचे चित्र असलेली अशी बिननावाची कांडी ठाणे किंवा नवी मुंबईत ज्यांनी घेतली असेल, त्यांनी वेष्टन, स्टिकर आणि बिल जपून ठेवावे, उरलेल्या पुट्टीचा एक तुकडा कडक होऊ द्यावा, कुटून त्यावरून लोहचुंबक फिरवावे, आणि कण चिकटले तर आपलीही तक्रार स्वतंत्रपणे नोंदवावी.