पितळी किटचं पॅनिअर इंजिन : एक पावसाळा काढल्यानंतर

आधीच सांगून टाकतो. तुम्हाला मॉडेल रेल्वेचं फक्त धावणारं इंजिन हवं असेल तर या वाटेला जाऊ नका. हेच इंजिन ओ गेजमध्ये, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या एका मोठ्या मापात, रंगवून, नंबर घालून तयार मिळतं आणि सगळा हिशेब मांडला तर फार महागही पडत नाही. इंजिन घडवायचं असेल तर मात्र किट जरूर घ्या. पैसे कुठेही वाचवा, फक्त चाकं आणि गिअरबॉक्स यांत वाचवू नका.

किट इंग्लंडमधल्या एका छोट्या उत्पादकाचं आहे. इंजिन ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या 5700 वर्गाचं पॅनिअर टँक. फुटाला 7 मिमी हे प्रमाण, म्हणजे साधारण 1:43.5, आणि रुळांमधलं अंतर 32 मिमी. बॉयलरच्या दोन्ही अंगांना बैलाच्या पाठीवरच्या गोण्यांसारख्या लटकणाऱ्या पाण्याच्या टाक्या, ही याची ओळख. 1929 ते 1950 या काळात या वर्गाची 863 इंजिनं बांधली गेली, त्यामुळे फोटोंचा तुटवडा नाही. माझ्या निवडीचं कारण वेगळं होतं: याचे सिलिंडर चौकटीच्या आत आहेत. बाहेर दिसतो तो फक्त चाकं जोडणारा दांडा. पहिल्या पितळी किटला एवढं पुरे. वॉलशर्ट गिअर, म्हणजे वाफेची झडप हलवणाऱ्या दांड्यांची जुळणी, बाहेर नाचवणारं इंजिन पहिल्याच फटक्यात घेणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

खोक्यात निघतात ते आम्लाने कोरलेले पत्रे. सांगाड्याचे पत्रे जर्मन सिल्व्हरचे (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू), वरच्या अंगाचे पितळेचे, जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. शिवाय घुमट, बफर वगैरे ओतीव भाग. चाकं, मोटर, गिअरबॉक्स वेगळे घ्यायचे. म्हणजे किटच्या किमतीच्या आसपास पुन्हा तेवढाच खर्च, वर कुरिअर आणि कस्टम्स. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) मागवायच्या भानगडीत पडू नका, आम्लाची बाटली विमानाने येणं कठीण. इथल्या हार्डवेअरच्या दुकानातला झिंक क्लोराइडचा फ्लक्स चालतो, पण दर बैठकीनंतर काम वाहत्या पाण्याखाली धुवायचं, ब्रशने घासायचं. एक रात्र तसंच ठेवलं तरी सकाळी सांध्यांवर हिरवट कळंक हजर. मी पितांबरी वापरतो, त्याहून बरं काही सापडलेलं नाही.

हत्यारं रविवार पेठेत सोनारकामाच्या दुकानांत मिळाली: बारीक कानशी, पातळ पात्याची करवत, भोक किंचित मोठं करायचे निमुळते रीमर. दर्जा उत्तम, भाव परदेशापेक्षा कितीतरी कमी. सोल्डरिंग आयर्न मात्र मोबाइल दुरुस्तीवाल्यांचं 25 वॉटचं नको. पितळ सगळी उष्णता ओढून घेतं आणि सोल्डर गोळा होऊन बसतं. तापमान ठरवता येणारं, निदान 60 वॉटचं घ्या. मोठ्या सांध्यांना 188 अंशांवर वितळणारं सोल्डर, बारीकसारीक भागांना 145चं आणि पांढऱ्या धातूच्या ओतीव भागांना 70चं, या क्रमाने गेलं की नवा सांधा करताना जुना सुटत नाही.

वरच्या अंगात खरा कस लागतो तो टाक्यांच्या गोलाईत. पत्रा गॅसच्या ज्योतीवर तापवून मऊ करायचा, जुन्या माउसपॅडवर ठेवायचा आणि वरून पोलादी सळई दाबून लाटायचा. दोन्ही टाक्यांची गोलाई सारखी आली नाही तर समोरून इंजिन तिरळं दिसतं. रिव्हेट मागून बोथट टोकाने एकेक दाबून काढायचे, तेही घडी घालायच्या आधी. माहितीपत्रक इथे गप्प आहे. एकूणच ते पत्रक म्हणजे पुसट आकृत्यांची झेरॉक्स. ब्रेकच्या दांड्यांची आकृती तर सुट्या भागांशी जुळतच नाही, मी खऱ्या इंजिनाचे फोटो बघून ते बसवले.

पण वरचं अंग थोडंफार चुकलं तरी पुट्टी आणि रंग सांभाळून घेतात, सांगाडा घेत नाही. जोडदांड्याच्या भोकांमधलं अंतर आणि आसांमधलं अंतर तंतोतंत एक असावं लागतं. म्हणून आधी दांडे पुरे करायचे आणि त्यांच्याच मापाने बेअरिंग बसवायचे. डाव्या बाजूचे क्रँक उजव्या बाजूच्या क्रँकशी 90 अंशांत हवेत. आसाची टोकं चौकोनी असलेली चाकं घेतली की ही कटकट आपोआप मिटते, महाग आहेत तरी तीच घ्या. मोटर बसवण्याआधी सांगाडा काचेवर ठेवून काच जरा कलती करायची. तो आपणहून घरंगळला तरच पुढे जायचं. अडखळत असेल तर कुठलं भोक आवळतंय ते शोधून रीमर फिरवायचा, पण बेताने: ढिलं झालेलं भोक परत घट्ट होत नाही.

आता वापराबद्दल. 40:1 गिअर असल्याने चाल देखणी आहे, अगदी मुंगीच्या पावलानेही सरकतं. ओ गेजच्या वळणाला साधारण 6 फूट त्रिज्या लागते, फ्लॅटमध्ये ते शक्यच नाही. भिंतीलगत सरळ फळीवर तीन सायडिंग टाकून डबे पुढेमागे करतो. खऱ्या पॅनिअरांचा बराचसा जन्म यार्डात असाच गेला, त्यामुळे विसंगत काही वाटत नाही. रंग लंडन ट्रान्सपोर्टचा मरून. त्यांनी अशी 13 इंजिनं विकत घेतली होती आणि ब्रिटिश रेल्वेची वाफ 1968 मध्ये संपल्यावरही जून 1971 पर्यंत वापरली. एल 94 हे शेवटच्या गाडीचं इंजिन, तोच नंबर मी घातला.

तक्रारी पावसाळ्यात सुरू झाल्या. चाकांच्या धावा पोलादी आहेत. जुलैत त्यांवर तांबूस गंज धरला आणि इंजिन दचके देऊ लागलं. बारीक घासकागद, मग तेलाचा पुसटसा हात, आणि आता इंजिन सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात असतं. वीज घेणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या तारा अधूनमधून वाकवून पुन्हा चाकाला टेकवाव्या लागतात. क्रँकपिनचे नट ढिले व्हायचे, थ्रेडलॉकचा सुईच्या टोकाएवढा थेंब दिल्यापासून शांत आहेत. पायऱ्यांच्या कडांवर रंग उडालाय, तिथे साधा प्रायमर होता. पितळेला एच (etch) प्रायमरच, म्हणजे धातूला किंचित चावून धरणारा, लागतो, आणि तोही पत्रा पूर्ण तेलमुक्त करून.

मागवणार असाल तर चाकांची ऑर्डर किटसोबतच द्या. मागाहून मागवलीत तर कुरिअरचा खर्च दुसऱ्यांदा बसतो. आणि धावा जर्मन सिल्व्हरच्या मिळत असतील तर कोकणात राहणाऱ्यांनी पोलादीकडे बघूसुद्धा नये.