हायस्कूलच्या गॅदरिंगला ‘मोरूची मावशी’: घ्यावं की नको?

ब्रँडन थॉमस यांच्या १८९२ सालच्या ‘चार्लीज आन्ट’वरून आचार्य अत्र्यांनी मराठीत आणलेलं हे प्रहसन. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी घ्यायला हरकत नाही, पण पात्रयोजना चुकली तर सहा आठवड्यांच्या तालमी पाण्यात जातात.

सगळा घोळ मावशीपाशी, म्हणजे मावशीचं सोंग घेणाऱ्या पोरापाशी होतो. गायक नट केशवराव भोसल्यांच्या कोल्हापूरला स्त्रीपार्ट नवा नाही. त्यांनी पोरवयात रंगवलेली ‘शारदा’ नाटकातली शारदा बघणाऱ्याला शारदाच वाटायला हवी होती. इथं मात्र लुगड्यातला पोरगा पोरगाच दिसला पाहिजे, आणि आता पकडले जाऊ ही धास्ती त्याच्या डोळ्यांत सतत हवी. कंबर लचकवणं, पदर दातात धरणं सुरू झालं की पाच मिनिटांत हशा आटतो आणि नुसती बायकांची टिंगल उरते. त्यातून या वयात आवाज फुटत असतो. बारीक आवाज काढून तासभर बोलला तर शेवटच्या प्रवेशात घसा बसणारच. त्याला स्वतःच्याच आवाजात, जरा हळू बोलू द्या. विजय चव्हाण यांच्या मावशीचे व्हिडिओ तालमी संपेपर्यंत दाखवू नका. एकदा बघितले की पोरगं तेच करत बसतं.

दुसरी भूमिका खऱ्या मावशीची. तिला सोंग कळतं, तरी ती गप्प बसून गंमत बघते. तिचे संवाद कमी म्हणून लाजरी मुलगी तिथं उभी करतात, आणि उत्तरार्ध तिथंच पडतो. सगळ्यात तयार मुलगी इथं हवी. पैशापायी मावशीच्या मागे लागणाऱ्या म्हाताऱ्यांचे प्रवेश ठेवा, फक्त दोघांत दोन हात अंतर राहू द्या. धावपळ त्यानं उलट वाढते.

नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून शिवलेली नऊवारी घ्या, मागं वेल्क्रो लावलेली. आत हाफ पँट. काठ घोट्याच्या चार बोटं वर हवा, नाहीतर धावताना पाय अडकतो. टोपाला आतून रबरी पट्टी आणि सात-आठ चाप लावा. दिव्यांच्या उकाड्यात घामानं तो सरकतोच. दोन मदतनीस विंगेत ठेवून कपडे बदलायची तालीम घड्याळ लावून घ्या. एक मिनिटाच्या वर वेळ लागत असेल तर बाहेरच्यांना दोन वाक्यं वाढवून द्या. पोशाख शेवटच्या दिवशी हातात पडला तर काही खरं नाही; निदान पाच तालमी लुगड्यातच व्हाव्यात.

नेपथ्य एकच पुरतं: समोरासमोर दोन दारं, एक कोच, एक पडदी. दारं मात्र लाकडी चौकटीची हवीत. कापडी पडद्यातून आलेल्या माणसाची चाहूल लागत नाही आणि प्रहसनाची निम्मी मजा दार आपटण्यात असते. ती आत, विंगेच्या बाजूला उघडणारी करा, म्हणजे उघडं दार कोणाच्या तोंडावर येत नाही.

पूर्ण प्रयोग तीन अंकी आहे, गॅदरिंगला मिळतो जेमतेम तास. काटछाट करताना प्रत्येक पानातला एकेक विनोद खुडू नका, जोडकथा उचलून बाजूला काढा. सोंगाची ठरवाठरव, म्हाताऱ्यांची धडपड, खऱ्या मावशीचं येणं आणि बिंग फुटणं, एवढं शाबूत राहिलं पाहिजे.

परवानगीचं आधीच बघा. अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे संहितेचे हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. प्रेक्षकांत विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळीच असतील तर शाळेच्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. बाहेरच्या लोकांना तिकीट विकायचं तर हक्कदारांची लेखी परवानगी हवी, आणि काटछाट करणार असाल तर तीही त्याच पत्रात विचारून घ्या.

हक्कांच्या भानगडीत पडायचंच नसेल तर देवलांचं ‘संशयकल्लोळ’ मोकळं आहे. देवल १९१६ सालीच गेले. फाल्गुनराव आणि कृत्तिकेचे संशयाचे प्रवेश गाण्यांशिवायही रंगतात, नक्षत्रांची नावं मुलांच्या तोंडी पटकन बसतात. पण रेवती नायकिणीच्या घरची आहे, ते आठवीच्या वर्गाला समजावताना शिक्षकांची पंचाईत होते, आणि जुनी वळणदार भाषा पाठ व्हायला दोन आठवडे जादा धरावे लागतात.