छाटणीची काडी: कुट्टी करावी की बायोचार?

एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी उरकली की नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे बांधोबांधी काडीचे ढीग लागतात. आगपेटीची काडी ओढून ढीग पेटवला की तासाभरात बांध मोकळा, खर्च काही नाही. बायोचारला, म्हणजे काडी कमी हवेत जाळून केलेल्या, जमिनीत घालायच्या कोळशाला, टक्कर द्यायची आहे ती या सोयीशी.

उघड्यावर पेटवलेल्या काडीतला जवळजवळ सगळा कार्बन हवेत जातो, सोबत काजळी आणि थोडा मिथेन. नत्रही उडून जातं. मागे राख उरते, पण आपल्या चुनखडीच्या जमिनीला तिची गरज नसते. हा मार्ग मी विचारातच घेत नाही. खरा पेच आहे तो कुट्टी आणि बायोचार यांच्यात.

श्रेडरने काडीची कुट्टी करून बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, पसरली की ओल टिकते, तण दबतं. शेणाची स्लरी टाकून कुजवली तर चांगलं खत होतं. जिवाणूंना खाद्य मिळतं, आणि ते बायोचार देऊ शकत नाही. मात्र कुजणाऱ्या काडीतला बहुतेक कार्बन काही वर्षांत पुन्हा हवेत जातो. बागेला फायदा होतो, हवेतला कार्बन मात्र फार काळ अडवला जात नाही.

बायोचार नेमकं तेच काम करतो. एक टन सुकलेल्या काडीतून २०० ते २५० किलो कोळसा निघतो. २५० किलो धरला आणि त्यात ७० टक्के कार्बन धरला, तर १७५ किलो कार्बन झाला, म्हणजे सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड. ४५० ते ६०० अंशांवर बनलेल्या बायोचारमधला ८० टक्के कार्बन १०० वर्षांनंतरही जमिनीत राहतो, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीने २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत धरलं आहे. म्हणजे टनभर काडीमागे ५०० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड अडतो.

याच्याशेजारी युरियाचा हिशेब ठेवा. १०० किलो नत्र दिलं की सरासरी १ किलो नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं, असं धरतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा, त्यामुळे हे नुकसान ४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या घरात जातं. बायोचारने ते कमी झाल्याचं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे, पण जमिनीनुसार फरक पडतो आणि काळानुसार परिणाम ओसरतो. त्यामुळे ठिबकमधून नत्र मोजूनच द्या. बायोचार घातला म्हणून खताचा हात सैल सोडला, तर कमावलेलं तिथेच जाईल.

उत्पादन वाढेल या आशेने द्राक्षबागेत बायोचार घालू नका. वाढ दिसली आहे ती मुख्यतः उष्ण प्रदेशातल्या आम्ल, निकस जमिनींत. आपली काळी जमीन आधीच विम्लतेकडे (अल्कधर्मीपणाकडे) झुकलेली, आणि बायोचारही बहुधा विम्लच. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडची गोष्ट वेगळी. तिथे धो-धो पावसाने धुपलेल्या जमिनीवर भात आणि नागली पिकते. राब भाजण्याची, म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर फांद्या-पाला जाळण्याची, रीत तिथे पिढ्यान् पिढ्या आहे, त्यामुळे आग कशी हाताळायची हे कुणी शिकवायला नको. राबासाठी तोडलेल्या फांद्यांतल्या जाड फांद्यांचा राखेऐवजी कोळसा केला, तर हवा आणि पीक दोन्हीकडे फायद्याची शक्यता आहे. जिल्ह्यात बायोचारची खरी जागा मला तिथेच दिसते.

बागायतदाराने हंगाम पाहून ठरवावं. एप्रिलची काडी मेच्या उन्हात कडकडीत सुकते, ती बायोचारला घ्या. ऑक्टोबरच्या गोड छाटणीची, म्हणजे फळछाटणीची, काडी दमट हवेत सुकत नाही. ओली काडी धुमसते, मिथेन सोडते आणि सगळा हेतूच बुडतो. तिची कुट्टीच बरी. खोडकिडा किंवा पिठ्या ढेकूण लागलेली काडी मात्र कुट्टीत नको. ती सुकवून पुढे सांगितलेल्या खड्ड्यातच जाळा.

भट्टी विकत घेण्याची घाई नको. वर रुंद, खाली निमुळता खड्डा पुरतो. तळाशी जाळ धरला की थर टाकायचा, त्यावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा. ज्वाळा वर राहिल्याने खालच्या कोळशाला हवा मिळत नाही. शेवटी पाण्याने विझवा. मेमध्ये पाण्याची ओढ असेल तर मातीने घट्ट झाका, पण उकरताना आत निखारा असू शकतो हे विसरू नका. वारा पडलेला असतानाच पेटवा, आणि ठिबकच्या तुटक्या नळ्या, प्लास्टिकच्या पट्ट्या आधी वेचून काढा.

कोरा कोळसा थेट मुळाशी घातला तर तोच नत्र धरून बसतो. शेणखतात किंवा स्लरीत दोन-तीन आठवडे मुरवा. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातलं तांबं काडीवरून कोळशात येतं, म्हणून वर्षानुवर्षं फवारलेल्या बागेत माती परीक्षणात तांबंही तपासून घ्या.

कार्बन क्रेडिटच्या पैशांवर गणित मांडू नका. मोजणी आणि पडताळणीचा खर्च एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही.

आधी थोड्या जागेवर पडताळून पाहा: चार ओळींच्या बोदात मुरवलेला बायोचार घाला, शेजारच्या चार ओळींत तेवढंच शेणखत. पाणी आणि खत सारखंच ठेवा. मग फुलोऱ्यात दोन्हीकडचं देठ परीक्षण, म्हणजे पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांची तपासणी, करून घ्या.