‘टर्बाइन स्पेशल’ ग्लो प्लग घेताना सावध राहा

‘टर्बाइन स्पेशल, कॉइल ओढून तयार, प्रत्येक नग तपासलेला’ अशी जाहिरात करून ग्लो प्लग (विजेवर तापून इंजिनातलं इंधन पेटवणारी छोटी कॉइल) विकणाऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याने मला व्यवस्थित गंडवलं. साध्या प्लगच्या चौपट भाव, वर फोमच्या डबीत सजवून पाठवलेले नग. पैसे गेले त्याचं फार नाही. पण फसवण्याची रीत इतकी बेमालूम आहे की चांगले जाणकारही इंजिनात, ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात), गॅसमध्ये दोष शोधत बसतील आणि प्लगवर संशय घेणार नाहीत. म्हणून सविस्तर लिहितोय.

गॅसवर सुरू होणाऱ्या मॉडेल टर्बाइनमध्ये, म्हणजे मॉडेल विमानांच्या छोट्या जेट इंजिनात, ग्लो प्लगचं काम काही सेकंदांचंच असतं. स्टार्टर रोटर फिरवतो, ईसीयू प्लग तापवतो, प्रोपेनचा किंवा प्रोपेन-ब्युटेनचा व्हॉल्व्ह उघडतो. गॅसने पेट घेतला की एक्झॉस्टचं तापमान चढतं, मग हळूहळू केरोसीन सोडलं जातं आणि प्लग बंद होतो. प्लग मात्र मूळचा टर्बाइनसाठी बनलेलाच नाही. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत रे आर्डन यांनी तो पिस्टनच्या मॉडेल इंजिनांसाठी आणला, आणि आपण तोच उसना घेतलाय. पिस्टन इंजिनात मिश्रण दाबाने प्लगच्या खोबणीत घुसतं. टर्बाइनमध्ये तसं कोणी ढकलत नाही, गॅस बाजूने वाहून जातो. म्हणून कॉइलचे पुढचे एक-दोन वेढे दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढून वाहत्या गॅसमध्ये आणावे लागतात. ‘तयार प्लग’ म्हणून जे विकलं जातं ते एवढंच. सुईने करायचं दोन मिनिटांचं काम.

माझ्याकडे आलेले प्लग टेबलावर झकास पेटले. दीड व्होल्टला नारिंगी, भरपूर प्रकाश. जाहिरातीतही हाच फोटो होता. इंजिनात बसवल्यावर मात्र कधी स्टार्ट होई, बहुतेकदा नाही. ईसीयू ‘प्लग ठीक’ म्हणे, कारण सर्किट पूर्ण आहे, करंट वाहतोय, यापलीकडे त्याला काही कळत नाही. मधेच गॅस उशिरा पेटून मागून ‘भक्क’ करून ज्वाळ येई. त्या आवाजाला हसू नका. साचलेला गॅस एकदम पेटणं इंजिनालाही वाईट आणि मागे उभ्या असलेल्यालाही. स्टार्ट फसला की गॅस बंद करून रोटर नुसता फिरवत आतला गॅस पूर्ण बाहेर काढायचा, आणि कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक हाताशी ठेवायचं. पावडरवालं नको, ती पावडर इंजिनाची वाट लावते.

आता विक्रेत्याचा खेळ बघा. पहिल्या तक्रारीला उत्तर आलं, “सर, तुमच्या गॅसमध्ये ब्युटेन जास्त असणार, थंडीत होतं असं.” पटण्यासारखं आहे, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास वायू व्हायचंच थांबतं आणि प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत चालतं. पण हवा थंड नव्हतीच. तरी मी गॅस बदलला. मग म्हणाला, “नवीन लॉट पाठवतो, तोवर थांबा.” नवीन लॉटही तसाच निघाला. मग फोनवर, लेखी नाही हं, सल्ला आला: “ईसीयूमध्ये प्लगचं व्होल्टेज थोडं वाढवा, मग बघा कसं धडाधड पेटतं ते.” वाढवल्यावर खरंच एक-दोन स्टार्ट बरे झाले आणि मग कॉइल तुटली. पैसे परत मागितले तर मेसेज आला, हा मात्र लेखी: “जास्त व्होल्टेज दिल्यामुळे प्लग जळाला आहे. वॉरंटी लागू नाही.” तोवर परतीची मुदतही उलटलेली. सल्ला तोंडी आणि नकार लेखी, अशी त्याची सोय. ज्या संकेतस्थळावरून घेतले त्यांनीही ‘वस्तू वापरलेली आहे’ म्हणून हात वर केले.

तुटलेली कॉइल भिंगाखाली धरली तेव्हा लबाडी कळली. चांगल्या प्लगची तार प्लॅटिनमच्या मिश्रधातूची असते, सहसा इरिडियम किंवा ऱ्होडियम मिसळलेली. कितीही वेळा तापवा, रंग चांदीसारखाच राहतो, कारण प्लॅटिनम हवेत गंजत नाही. या तारेवर काळपट-हिरवट पापुद्रा धरला होता, म्हणजे ती नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) असावी. वेढे कमी आणि तार जाड. याचंही कारण आहे. नायक्रोमचा विद्युतरोध प्लॅटिनम-इरिडियमच्या तारेपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून दीड व्होल्टला तेवढाच करंट खेचायचा तर तार आखूड आणि जाड घ्यावी लागते. शेजारी खरा प्लग ठेवून पाहिलं की फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. सुईने ओढताना नायक्रोम स्प्रिंगसारखी मागे उडी घेते, प्लॅटिनम जिथे ठेवाल तिथे मुकाट राहतं. पण विक्रेता कॉइल आधीच ओढून देतो, त्यामुळे ही खूण गिऱ्हाइकाच्या हाताला लागतच नाही. ‘तयार’ प्लग विकण्यामागचं खरं इंगित हेच असावं, असं माझं मत झालंय.

मग टेबलावर पेटतो तो इंजिनात का मार खातो? प्रोपेन आपोआप पेटतो ते ४७० अंश सेल्सिअसच्या आसपास, पण एवढ्याशा तारेने वाहता वायू पेटवायचा तर तार त्याहून खूपच जास्त तापलेली लागते. स्थिर हवेत नारिंगी दिसणारी तार कॉम्प्रेसरच्या गार झोतात झटकन मंदावते. प्लॅटिनमही मंदावतं, पण त्याच्या पृष्ठभागावर इंधन आणि ऑक्सिजन ज्वाळेशिवायच जळतात आणि ती उष्णता तारेलाच मिळते. हंफ्री डेव्ही यांनी १८१७ मध्ये दाखवलेली ही गोष्ट. नायक्रोमला ही वरची कमाई नाही. सगळी भिस्त बॅटरीवर.

याच गुणावर खरं-खोटं ओळखण्याची चाचणी उभी आहे, आणि माझा निवाडाही तिनेच केला. उघड्यावर, आजूबाजूला पेटण्यासारखं काही नसताना, रुंद तोंडाच्या काचेच्या छोट्या भांड्यात शुद्ध मिथेनॉलचे चार थेंब घ्या. बाटलीला झाकण लावून ती लांब ठेवा. प्लग चिमट्यात धरून तापवा, भांड्याच्या तोंडाशी आणा आणि करंट तोडा. प्लॅटिनम असेल तर बॅटरी काढल्यावरही कॉइल वाफेत लाल राहते. थोडं वर-खाली करून योग्य अंतर सापडवावं लागतं. नायक्रोम असेल तर तार एका क्षणात काळी पडते आणि कितीही हलवा, परत उजळत नाही. माझ्या जुन्या पिस्टन इंजिनातला कळकट प्लग वाफेत निवांत जळत राहिला आणि चौपट भावाचे सगळे नग पटापट विझले. मिथेनॉल विषारी असतं आणि उन्हात त्याची ज्वाळ जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे वाफ पेटली तर हात भाजेपर्यंत कळायचं नाही. पोरासोरांसमोर करू नका. मॉडेल इंजिनांसाठी मिळणारं नायट्रोचं तयार इंधन यासाठी वापरू नका, त्यातलं तेल कॉइलवर बसतं.

मिथेनॉल नसेल तर लोहचुंबक लावून बघतात काही जण. चुंबकाला चिकटली तर तार लोखंड-क्रोमची आहे, म्हणजे नक्की बनावट. पण चिकटली नाही म्हणून खरी ठरत नाही, कारण नायक्रोमही चिकटत नाही. याच अर्धवट चाचणीचा व्हिडिओ दाखवून हा गडी ‘शुद्ध प्लॅटिनम’ म्हणत होता.

आणखी एक चलाखी: ‘टर्बो’ प्लग टर्बाइनसाठी म्हणून खपवणं. ते नायट्रो इंधनावरच्या रिमोट कंट्रोल गाड्यांचे. त्यांची बैठक निमुळती असते, वॉशर नसतो आणि आटे वेगळे. बहुतेक गॅस-स्टार्ट टर्बाइनला पाव इंचाचे, इंचाला ३२ आटे असलेले नेहमीचे प्लग लागतात. जबरदस्तीने फिरवलात तर केसिंगचे आटे जातील, आणि ते नुकसान प्लगच्या किमतीत मावणारं नाही. केरोसीन-स्टार्ट इंजिनातला सिरॅमिक इग्नायटर तर पूर्ण वेगळी वस्तू. ‘दोन्हींना चालतो’ असं कोणी म्हटलं की तिथेच खरेदी थांबवा.

मी आता नामांकित बनावटीचे मध्यम उष्णतेचे साधे प्लग ओळखीच्या हॉबी दुकानातून घेतो. तोंडावर आडवी पट्टी असलेले घेत नाही, त्यांची कॉइल ओढताच येत नाही. इंजिनाच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तो पहिला. कॉइल थंड असताना बारीक सुई पहिल्या वेढ्यात घालून सावकाश ओढायची, एका झटक्यात नाही. वेढे एकमेकांना किंवा कडेला टेकता कामा नयेत. टेकले तर मधले वेढे शॉर्ट होऊन उरलेली तार जास्त तापते आणि तुटते. मग कमी व्होल्टेजपासून वर जात बघायचं: पुढचे वेढे आधी उजळले पाहिजेत. पेटलेल्या कॉइलवर हलकी फुंकर मारायची. क्षणभर मंदावून लगेच सावरली तर ठीक. तांब्याचा वॉशर एकच, आणि प्लग बेताचा आवळायचा.

त्या विक्रेत्याची जुनी जाहिरात आता दिसत नाही. तेच फोटो, तीच फोमची डबी आणि तोच ‘प्रत्येक नग तपासलेला’चा शिक्का घेऊन दुसऱ्या नावाने दुकान चालू आहे. फोटोत फक्त पेटलेली कॉइल दिसत असेल, थंड कॉइलचा जवळून काढलेला एकही फोटो नसेल, तर आधी तो मागा. मी नव्या नावाला मागितला होता. उत्तर आलं नाही.