हुतात्मा एक्सप्रेस ते तुळशीबाग: फॅशनवेड्या पोरींची एक दिवसाची पुणे ट्रिप

सोलापुरात ज्यांच्या घरी आठवी ते बारावीतली पोरगी आहे आणि दिवसभर रील्स बघून "आई पुण्याला शॉपिंगला जाऊ की" हे टुमणं चालू आहे, त्या सगळ्या आयांसाठी आणि मावश्यांसाठी हे लिहितेय. माझी मुलगी, दोन भाच्या आणि मी, आम्ही चौघी एका दिवसात जाऊन आलो. मुक्काम नाही, हॉटेल नाही, सकाळी गेलो रात्री घरी. कुठं वेळ घालवायचा, कुठं नाही, कशाला पैसे द्यायचे आणि कशाला अजिबात नाही ते सगळं सांगते. मार्क आधीच देऊन टाकते, केळकर म्युझियमला पाचपैकी पाच, तुळशीबागेला साडेचार, एफसी रोडच्या (म्हणजे फर्ग्युसन कॉलेज रोडच्या) कपड्यांना तीन.

जायला आपली हुतात्मा एक्सप्रेसच बेस्ट. सकाळी साडेसहाच्या आसपास सुटते आणि साडेदहाच्या सुमाराला पुणे, परत येताना पुण्यातून संध्याकाळी सहाच्या सुमाराला निघते की रात्री दहापर्यंत आपण सोलापूर स्टेशनला. टायमिंग बदलत असतं, बुकिंग करताना बघून घ्या. पोरींना गाडीत बसल्यावर विचारलं हुतात्मा नाव कशावरून, तर हुतात्मा चौक रोज बघणाऱ्या पोरींना चार हुतात्मे माहीत होते पण गाडीचं नाव त्यांच्यावरून आहे हे नव्हतं माहीत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, 12 जानेवारी 1931 ला फाशी दिलेले आपल्या गावचे चौघं. हे बोलता बोलता कुर्डुवाडी आलंसुद्धा. वंदे भारत पण आहे, 2023 च्या फेब्रुवारीपासून सुरू झालीय, ती लवकर पोचवते आणि पुण्यात जास्त वेळ मिळतो, पण चौघींचं जाऊन येऊन तिकीट धरलं तर शॉपिंगचं निम्मं बजेट तिथंच संपतं, म्हणून मी हुतात्माच म्हणेन.

पुणे स्टेशनला उतरल्यावर रिक्षाच्या भानगडीत पडूच नका. स्टेशनलाच मेट्रो आहे, तिथून सिव्हिल कोर्ट (स्टेशनचं नाव आता डिस्ट्रिक्ट कोर्ट), तिथं लाइन बदलायची आणि स्वारगेटच्या बाजूला जाणारी मेट्रो पकडून मंडई स्टेशनला उतरायचं. हा भुयारी भाग 2024 च्या सप्टेंबरला सुरू झाला आणि आपल्यासारख्या बाहेरगावच्या लोकांचं लई मोठं काम झालंय. सिव्हिल कोर्टचं खालचं स्टेशन खूप खोल आहे, एकामागून एक सरकते जिने, पोरींनी तिथंच दहा मिनिटं फोटो काढले. काढू द्या. एक आईच्या कामाची गोष्ट, मेट्रो स्टेशनवर टॉयलेट आहेत, तिथंच जाऊन घ्या, कारण एकदा तुळशीबागेत शिरलं की ते शोधत बसायला लागतं. पर्समध्ये एक्स्ट्रा पॅड ठेवा, तीन पोरी आहेत म्हटल्यावर कुणाला तरी लागतंच.

आता माझा मुख्य मुद्दा. सगळे जण उतरल्या उतरल्या मार्केटमध्ये घुसतात आणि दुपारी दोनपर्यंत पैसे संपवून दमून बसतात. तसं करू नका. आधी बघायचं, मग घ्यायचं. मंडईपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बाजीराव रोडला राजा दिनकर केळकर म्युझियम आहे, पहिलं तिथं जा. पोरींनी तोंडं वाकडी केली, "मावशी म्युझियम कशाला, आपण फॅशनसाठी आलोय ना". मी म्हटलं चला तर, अर्ध्या तासात बोअर झालं तर बाहेर पडू. सव्वा तास झाला तरी निघायला तयार नव्हत्या!

कारण ते म्युझियमच तसलं आहे. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा तिथं रोजच्या वापरातल्या वस्तू जास्त आहेत, वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा संग्रह आहे, आणि तो दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारापासून गावोगाव फिरून गोळा केलेला. स्वतः कवी होते, अज्ञातवासी नावानं लिहायचे, आणि म्युझियमला नाव दिलं लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं. हे ऐकून धाकटी भाची एकदम गप्प झाली. पण मी ज्यासाठी नेलं होतं ते म्हणजे नटण्याच्या वस्तू. कुंकवाचे करंडे, सुरमादाण्या, फण्या, दागिने, आणि वज्री. वज्री म्हणजे पाय घासायची, टाचा साफ करायची, पितळेची असते, खालची बाजू खरखरीत चौकड्यांची आणि वर धरायला पक्षी नाहीतर प्राणी. माझी मुलगी काचेला नाक लावून बघत होती. टाच घासायची वस्तू, ती कुणी बघणार पण नाही, तरी त्याच्यावर एवढी नक्षी. तिनं मोबाईलच्या नोट्समध्ये त्याचं चित्र काढलं. ऑनलाइन दोनशे रुपयांचा प्लास्टिकचा फूट स्क्रबर मागवणाऱ्या पोरीला आपल्या पणज्या काय वापरायच्या ते कळलं, आणि मुख्य म्हणजे डोळा तयार झाला, नंतर तुळशीबागेत कुठली नक्षी कोरलेली आणि कुठली नुसती ठोकळ्यात दाबलेली हे तीच दुसऱ्या दोघींना दाखवत होती. यासाठी म्युझियम आधी. शिवाय सकाळी स्टॉल नीट लागलेले पण नसतात, त्यामुळं वेळ वाया जात नाही.

मग पोटपूजा. तुळशीबागेतच श्रीकृष्णची मिसळ आहे, बसायला थांबावं लागतं पण पोरींना आवडली. आपल्याकडच्या तिखटाची सवय असेल तर पुण्याची मिसळ जरा सौम्यच वाटते.

तुळशीबागेबद्दल किती लिहू आणि किती नको असं झालंय. मधोमध पेशवाईतलं राममंदिर, 1761 च्या सुमाराला नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधायला घेतलेलं, आणि त्याच्या भोवती बांगड्या, टिकल्या, नथी, क्लचर, आंबाड्याच्या पिना, ऑक्सिडाइज्ड झुमके, भातुकली, पितळेची भांडी, सगळं एकाला एक चिकटून. पोरींना सांगितलं चुकामूक झाली तर मंदिराच्या दारात यायचं, फोन लागो न लागो. गर्दीत बॅग पुढं घ्यायची. आणि पहिली फेरी हात मागं बांधून, काही घ्यायचं नाही, फक्त भाव विचारायचे. तोच क्लचर तीन दुकानांत तीन भावांना मिळतो. आतल्या पक्क्या दुकानांत बहुतेक ठिकाणी एकच भाव, "ताई कमी होणार नाही" म्हणतात आणि खरंच होत नाही, बाहेरच्या स्टॉलवर मात्र घासाघीस चालते. माझी थोरली भाची आपल्या सोलापुरी स्टाइलनं "द्या की ओ काका, तीन घेतोय की" म्हणायला लागली तर काका हसूनच कमी करायला लागले.

प्रत्येकीला 1500 रुपये हातात दिले होते आणि सांगितलं होतं की यातच सगळं, मी वरून एक रुपया देणार नाही आणि काय घ्यायचं त्यात बोलणार पण नाही. हे करून बघाच. एरवी दुकानात "आई हे घेऊ का" म्हणून हाताला झोंबणारी पोरगी स्वतःचे पैसे म्हटल्यावर झुमका उलटा करून मागची कडी बघायला लागते. माझ्या मुलीला इमिटेशन घातलं की कानाला खाज येते, लाल होतं, हे बहुतेक त्यातल्या निकेल धातूमुळं होतं आणि बऱ्याच पोरींना होतं. तिनं मग नुसते स्वस्तातले झुमके घ्यायच्याऐवजी चांदीच्या दांडीचा एकच जोड घेतला आणि बाकी पैसे टिकल्या, क्लचर आणि लेसवर घातले. मी शब्दानं बोलले नव्हते.

मेकअपचं मात्र मी बोलणार, आणि इथं कुठल्याच आईनं गप्प बसू नये. एका स्टॉलवर मोठ्या परदेशी ब्रँडची लिपस्टिक शंभर रुपयाला मांडली होती, बॉक्स चकाचक, पण ब्रँडच्या नावातच स्पेलिंग चुकलेलं, आणि बॉक्सवर कंपनीचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, काही नाही. धाकटी भाची घ्यायला निघालेली. तिला तिथंच बॉक्स हातात देऊन शोधायला लावलं: बनवणाऱ्याचं नाव पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, आत काय काय आहे त्याची यादी. बाहेरून आलेला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर पण पाहिजे. यातलं काही सापडेना म्हटल्यावर तिनं स्वतःच परत ठेवला. ओठाला लावायचं म्हणजे थोडं पोटात जातंच, काजळ तर डोळ्यात जातं, तिथं शंभर रुपये वाचवून काय मिळवायचं? आपला भारतीय ब्रँड, साधा, सील असलेला, पक्क्या दुकानातून, बिलासकट. तुळशीबागेतून क्लचर टिकल्या बिनधास्त घ्या, कॉस्मेटिक्स रस्त्यावरून अजिबात नको.

टेस्टर सुद्धा थेट ओठाला लावू देऊ नका, किती जणींचे लागलेले असतात काय माहीत. हाताच्या पाठीवर लावायचं, आणि फाउंडेशन असेल तर जबड्याच्या कडेला लावून दुकानाच्या दारात, उजेडात येऊन बघायचं, कारण दुकानातल्या पिवळ्या लाइटमध्ये सगळ्याच शेड छान दिसतात. नवीन काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस थांबायचं. आणि रील्समधली ती रेटिनॉल, अ‍ॅसिड, दहा पायऱ्यांचं स्किनकेअर, चौदा वर्षाच्या चेहऱ्याला यातलं काही लागत नाही, साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात सनस्क्रीन एवढं भरपूर आहे. पिंपल्स जास्त असतील तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, दुकानातल्या सेल्सगर्लला विचारू नका.

तीनच्या सुमाराला मंडईवरून परत सिव्हिल कोर्ट, लाइन बदलून डेक्कन जिमखाना, आणि तिथून एफसी रोड. हे पोरींचं स्वप्न होतं. वातावरण भारी आहे, कॉलेजची पोरंपोरी, झाडं, खायचे ठेले, पोरींचे डोळे लखलखत होते, ते बघायला मला पण छान वाटलं. पण कपडे... टॉप, क्रॉप टॉप, कुर्त्या, जीन्स ढिगानं, ट्रायल बहुतेक ठिकाणी नाही, आणि एका दुकानात तर पावती मागितली तर "घ्यायचं तर घ्या" असं उत्तर. परत बदलून मिळणार नाही हे धरूनच घ्यायचं. म्हणून घरून निघताना दोन गोष्टी करा, पोरींना अंगाबरोबर बसणारा टीशर्ट आणि लेगिन्स घालून न्या म्हणजे वरूनच घालून बघता येतं, आणि पर्समध्ये शिवणकामाची टेप ठेवा. घरी जी जीन्स मापात बसते ती सपाट ठेवून कंबर आणि उंची मोजून लिहून आणायची, दुकानात तसंच सपाट ठेवून मोजायचं. लेबलवरच्या एम, एल वर विश्वास नाही, प्रत्येक कंपनीचा एम वेगळा.

आणि शिलाई उलटी करून बघा. आपण सोलापूरचे आहोत ओ, निम्म्या गावाचे आजोबा गिरणीत होते नाहीतर मागावर होते, शाळेचे युनिफॉर्म देशभर आपल्याकडून शिवून जातात. माझे वडील कापड दोन बोटांत धरून सांगायचे किती टिकेल. तीच सवय पोरींना लावली तर एफसी रोडच्या चारशे रुपयाच्या टॉपची आतली सुटलेली ओव्हरलॉक (कापडाच्या कडेची शिलाई) लगेच दिसते. भाचीला दिसली, तिनं तिथंच ठेवला.

म्हणूनच खणाचं आणि इरकलचं सांगते. खणाचे जॅकेट, खणाचे स्कर्ट सध्या जोरात आहेत, पुण्यात शिवलेलं तयार मिळतं पण भाव ऐकून मी मागं फिरले. आपल्याला कर्नाटक बॉर्डर एवढी जवळ, खण आणि इरकल आपल्याकडं चांगलं मिळतं, कापड इथून घ्या आणि गल्लीतल्या टेलरकडून मापाचं शिवून घ्या. तुळशीबागेतून फक्त बटणं, लेस आणि लटकन आणा, त्याची व्हरायटी तिथं खरंच जबरदस्त आहे. थोरल्या भाचीनं तर सोलापुरी चादरीचं जॅकेट शिवायचं डोक्यात घेतलंय, दोन्ही बाजूनं नक्षी असते आणि एका बाजूचे रंग दुसऱ्या बाजूला उलटे, म्हणजे जॅकेट उलटं करून पण घालता येईल म्हणते. टेलरनं आधी जाड कापडाला सुई मोडेल म्हणून नाही म्हटलं होतं, आता जाड सुई लावून बघतो म्हणालेत.

परतीचं मात्र कडक पाळा. पाच वाजता एफसी रोड सोडायचाच, डेक्कनवरून पुणे स्टेशन सरळ मेट्रो आहे, लाइन बदलायची नाही. गाडीत एसी चेअर कार मिळाली तर परतीसाठी घ्या, जाताना साधं सीटिंग चालतं. गणपतीच्या आधीचे आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, तेव्हा तुळशीबागेत उभं राहायला जागा नसते, पोरींना घेऊन तर नकोच. जवळपास सगळीकडं फोनवरून पैसे दिले तरी चाललं, पण बाहेरच्या स्टॉलवर घासाघीस करायची असेल तर सुटे पैसे हातात असलेले बरे.