लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या: ११०, प्लस, २७५ आणि सीआरची पारख

पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, बहुतेक रुग्णांच्या चिठ्ठीवर आज ना उद्या ही गोळी येतेच. आपल्याकडच्या दुकानांत सन फार्माची सिंडोपा आणि टोरेंटची टायडोमेट ही नावं सहज मिळतात. दोन्हींतलं औषध एकच आहे, लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची जोडी. गोंधळ होतो तो एकाच ब्रँडच्या चार-पाच प्रकारांमुळे, आणि गोळी 'लागू पडत नाही' किंवा 'सोसत नाही' अशा तक्रारींपैकी बऱ्याच या गोंधळातूनच निघतात. म्हणून इथे ब्रँडची तुलना करण्यापेक्षा पाकिटावरच्या आकड्यांची पारख करतो.

आधी आत काय आहे ते. ११० म्हणजे (टायडोमेटमध्ये एलएस) लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम आणि कार्बिडोपा १०. प्लस म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे (टायडोमेटमध्ये फोर्ट) २५० आणि २५. सीआर ही सावकाश विरघळणारी गोळी, १०० अधिक २५ किंवा २०० अधिक ५० अशा दोन मापांत. पाकिटावरचा आकडा ही दोन औषधांची बेरीज असते आणि तिथेच पहिली फसगत होते. १२५ ही बेरीज साध्या प्लसचीही होते आणि छोट्या सीआरचीही. फोनवरून '१२५ द्या' एवढंच सांगितलं तर काउंटरवर काय येईल याचा भरवसा नाही.

दोन औषधं कशासाठी, हे कळलं की पुढची निवड सोपी होते. मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या पेशी डोपामाइन तयार करून हालचालींचं नियमन करणाऱ्या केंद्रांना पुरवतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी मरत जातात. हात थरथरायला किंवा पाऊल घसटायला लागतं तोवर त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. बाहेरून डोपामाइन देऊन उपयोग नाही, कारण रक्तातून मेंदूत जाताना जो अडसर असतो तो त्याला ओलांडता येत नाही. लेव्होडोपा ओलांडतो. तो एक अमिनो आम्ल आहे आणि प्रथिनांतली काही अमिनो आम्लं ज्या वाहकावरून मेंदूत जातात त्याच वाहकावरून तोही जातो. आत पोहोचला की त्याचं डोपामाइन होतं.

अडचण अशी, की हे रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) आतड्यात, यकृतात, सगळीकडे असतं. नुसता लेव्होडोपा दिला तर बराचसा वाटेतच डोपामाइन होऊन बसतो. मेंदूतलं उलटीचं केंद्र नेमकं अशा जागी आहे जिथे तो अडसर विरळ आहे, त्यामुळे रक्तातलं डोपामाइन त्याला डिवचतं. मळमळ तिथून येते. कार्बिडोपा बाहेरच्या विकराला रोखतो आणि स्वतः मेंदूत शिरत नाही, त्यामुळे आतलं रूपांतर चालू राहतं. त्याच्या जोडीनं लेव्होडोपाची गरज सुमारे तीन चतुर्थांशाने कमी होते आणि रक्तातलं त्याचं अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे ५० मिनिटांवरून दीड तासावर जातं.

आता निवडीचा गाभा. बाहेरचं विकर पुरतं रोखायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतो. ११० ची गोळी दिवसातून तीनदा घेतली तर पोटात जातो फक्त ३०. प्लस तीनदा घेतली तर ७५. लेव्होडोपा दोन्हीकडे ३०० च. सुरुवातीच्या रुग्णाला ११० वर ठेवलं, मळमळ झाली आणि 'हे औषध सोसत नाही' म्हणून बंद केलं, हा प्रकार टाळण्याजोगा आहे. आमच्या मते नव्या रुग्णासाठी ११० ला जागाच नाही. दुसऱ्या गोळ्यांमधून कार्बिडोपा भरपूर जात असेल आणि वर थोडा लेव्होडोपाच वाढवायचा असेल तेव्हा ती कामाची. प्लस संपली म्हणून दुकानदाराने '१०० चीच आहे' असं सांगत ११० दिली, तर घेऊ नका. त्यापेक्षा दुसऱ्या कंपनीची प्लस घ्या.

प्लस हीच पहिली पसंती. सुरुवात सहसा अर्ध्या गोळीने होते, दिवसातून दोन-तीनदा, आणि आठवड्या-आठवड्याने वाढवत एक-एक गोळी तीनदा इथवर नेतात. वयस्कर माणसाला याहूनही हळू. 'गोळीचा उपयोग नाही' असा निकाल ३०० मिलिग्रॅमवर देऊ नये. डोस पुरेसा वाढवून, काही वेळा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या घरात नेऊन, काही आठवडे पाहिल्यावरच तो निकाल देतात. तरीही फरक नसेल तर आजार पार्किन्सन्सच आहे का, हा प्रश्न न्यूरॉलॉजिस्ट पुन्हा काढतात.

२७५ ही मोठ्या डोसाची गोळी. गोळ्यांची संख्या कमी होते एवढाच तिचा फायदा. एका वेळी २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा म्हणजे वर मोठी लाट आणि नंतर मोठा उतार. आजार जुना असेल तर त्या लाटेच्या माथ्यावर मान, हात, धड आपोआप वळवळू लागतात. शिवाय तिची अर्धी गोळी म्हणजे प्लसची एक गोळी नव्हे: अर्ध्यात लेव्होडोपा १२५ आणि कार्बिडोपा फक्त साडेबारा येतो. हा हिशेब पुष्कळ घरांत चुकतो.

सीआरबद्दल अपेक्षा उगाच मोठ्या असतात. ती हळू सुटते हे खरं, पण अंगी लागते साध्या गोळीच्या सुमारे ७० ते ७५ टक्के. साधीवरून सीआरवर जाताना एकूण डोस साधारण ३० टक्के वाढवावा लागतो. जशास तशी बदली केली की माणूस आखडतो. परिणाम सुरू व्हायला वेळ लागतो, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या जो आखडलेपणा असतो त्याला ती निरुपयोगी. रात्री कूस वळता यावी म्हणून झोपताना दिली तर मात्र चांगली. ती कुटायची, चावायची नाही, कारण कुटली की सावकाश सुटण्याची सोय संपते आणि सगळा डोस एकदम येतो. गिळायला त्रास असणाऱ्यांना सीआर लिहून दिली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. साधी गोळी कुटून पाण्यातून देता येते.

पोटाचा भाग सर्वांत दुर्लक्षित. लेव्होडोपा जठरात शोषला जात नाही, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषला जातो. म्हणजे जठर रिकामं व्हायला उशीर तितका परिणामाला उशीर. गोळी जेवणाआधी किमान अर्धा तास किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. घोटभर पाण्यात ती जठरातच रेंगाळते. दुसरी अडचण प्रथिनांची. वाहक तेच असल्यामुळे वरण, उसळ, दही, दूध, अंडं, मासळी यांतली अमिनो आम्लं आतड्यात आणि पुन्हा मेंदूच्या दाराशी लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. दुपारचा डोस 'बसत नाही' अशी तक्रार असेल तर आधी ताट बघा: गोळी आमटी-भाताबरोबर गेलेली असते. सकाळची गोळी दुधाच्या कपाबरोबर ही त्याचीच दुसरी आवृत्ती. प्रथिनं बंद करू नयेत, पार्किन्सन्समध्ये वजन आधीच उतरतं. वेळ हलवावी, आणि फार चढ-उतार असतील तर प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यावा. उपाशीपोटी मळमळत असेल तर गोळीबरोबर एखादं बिस्किट किंवा थोडे कुरमुरे चालतात. लोहाची गोळी मात्र निदान दोन तास लांब ठेवा, लोह लेव्होडोपाला बांधून टाकतं. बद्धकोष्ठाकडेही लक्ष हवं. आतडं मंदावलं की गोळीचा परिणाम बेभरवशाचा होतो.

आता ज्यामुळे महिन्यांची मेहनत वाया जाते ते. मळमळीसाठी घरात असलेली पेरिनॉर्म (मेटोक्लोप्रमाइड) किंवा स्टेमेटिल (प्रोक्लोरपेराझिन) मेंदूत शिरून डोपामाइनचेच ग्राही, म्हणजे पेशींवर ते जिथे बसून काम करतं त्या जागा, अडवते. एकीकडून लेव्होडोपा द्यायचा आणि दुसरीकडून त्याचं दार लावायचं असा हा उद्योग. याच यादीत चक्करसाठीची सिनारिझिन, मायग्रेनसाठीची फ्लुनारिझिन आणि पित्ताच्या गोळ्यांत पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोलबरोबर मिसळून येणारा लेव्होसल्पिराइड. शेवटचा फार फसवा, कारण घरचे त्याला 'ॲसिडिटीची गोळी' म्हणूनच ओळखतात. पाकिटाच्या मागचे बारीक अक्षरांतले घटक वाचा. काही वेळा तर अशा गोळीमुळेच पार्किन्सन्ससारखी लक्षणं सुरू झालेली असतात आणि ती थांबवणं हाच इलाज असतो. मळमळीवर डोम्पेरिडोन चालतो, तो मेंदूत फारसा शिरत नाही. पण हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून वृद्धांत ईसीजी पाहून, कमी डोसात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

या सगळ्या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधा ही वनस्पती रक्तदाबावर कशी चालते हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि ती जगभर वापरात आली. रेसर्पिन हा तिच्या मुळांतला घटक त्यानंतर वेगळा काढला गेला. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये याच रेसर्पिनने निपचित पडलेल्या प्राण्यांना लेव्होडोपा टोचला आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. रेसर्पिन मेंदूतला डोपामाइनचा साठा रिकामा करतं हे त्यातून उलगडलं. १९६१ मध्ये व्हिएन्नात रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा दिला गेला. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियस यांनी तोंडाने, अगदी थोड्यापासून वाढवत नेण्याची रीत दाखवली. हळू वाढवा हा आजचा सल्ला तिथलाच. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

उणिवा. ताठरपणा आणि मंदपणा यांवर गोळी उत्तम चालते. थरथर कुणाची पुष्कळ कमी होते, कुणाची फारशी नाही. तोल जाणं, आवाज खोल जाणं, वास न येणं, विसरभोळेपणा यांवर तिच्याकडून फार आशा ठेवू नये. आजाराची गती ती कमी करत नाही, पण 'लवकर सुरू केली तर लवकर निकामी होईल' म्हणून माणसाला वर्षभर आखडलेला ठेवणंही चूक. नेदरलँड्समधल्या चाचणीत काही रुग्णांना लगेच आणि काहींना ४० आठवड्यांनी गोळी सुरू केली होती. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच होते, लवकर घेणाऱ्यांचं नुकसान दिसलं नाही. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चार ते सहा वर्षांनी मात्र सुमारे ४० टक्के रुग्णांत गोळीचा असर पुढच्या वेळेआधी उतरणं किंवा अंग वळवळणं सुरू होतं. त्यावर डोस लहान करून वेळा वाढवणं, एन्टाकॅपोन किंवा रासाजिलिन जोडणं, वळवळीसाठी अमँटाडिन असे मार्ग आहेत. त्यासाठी डॉक्टरांना 'बरं नाही वाटत' यापेक्षा तीन दिवसांची नोंद न्या: गोळी कधी घेतली, कधी चालायला लागलं, कधी उतरली, कधी अंग वळवळलं, काय खाल्लं.

लघवी किंवा घाम गडद होतो. त्याने घाबरू नये. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर घरच्या यंत्रावर आधी पडून, मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर ते डॉक्टरांना कळवा. बऱ्याचदा जुनी रक्तदाबाची गोळी कमी करावी लागते. नसलेली माणसं दिसणं, अचानक झोपेचा झटका, जुगाराची किंवा खरेदीची न आवरणारी ओढ हेही लपवू नये. अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर सुरू करण्याआधीच सांगायला हवं.

कवचबीजाच्या, म्हणजे खाजकुहिलीच्या, चूर्णात खरा लेव्होडोपा असतो, म्हणून तर ते काम करतं. पण त्यात कार्बिडोपा नसतो आणि चमच्यागणिक मात्रा बदलते. गोळी चालू असताना ते आपल्या मनाने वर घालणं म्हणजे न मोजता डोस वाढवणं.

किमतीबाबत तक्रारीला फारशी जागा नाही. औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे यादीतल्या मापांना सरकारी कमाल किंमत लागू आहे. साठवणीत ओल आणि उजेड टाळा. पावसाळ्यात आठवड्याभराच्या गोळ्या आधीच फोडून डबीत भरल्या, विशेषतः अर्ध्या केलेल्या, तर त्या काळवंडतात. पाकिटातून ऐनवेळीच काढा, उरलेली अर्धी पुढच्याच डोसाला वापरा.

घरात किमान आठवड्याचा साठा जादा हवा, कारण ही गोळी एकदम थांबवता येत नाही. अचानक बंद झाली तर जोराचा ताप, लाकडासारखा ताठरपणा आणि शुद्ध हरपणं अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. दवाखान्यात भरती झाल्यावर हा धोका वाढतो: वॉर्डातल्या औषधांच्या वेळा सकाळ-दुपार-रात्र असतात, रुग्णाच्या मात्र सात, अकरा, तीन, सात. केसपेपरवर नेमके तास लिहून घ्या आणि आपलं पाकीट बरोबर ठेवा. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवणार असतील तर सकाळचा डोस घोटभर पाण्याने द्यायचा का, आणि तोंडाने बंद राहिलं तर नाकातल्या नळीतून साधी गोळी कुटून कधी सुरू करायची, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा.