पाणी टाकीत होतं, बिल मात्र फ्युएल पंपाचं झालं

पेट्रोल भरून निघाले आणि तीन-चार किलोमीटरवर गाडी आचके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी पिकअप घेईना. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, इंजिन थरथरलं आणि गाडी बंद पडली. घाबरून मी पाच-सहा वेळा स्टार्टर मारला. तो मारायला नको होता. चावी फिरवली की गाडीतला फ्युएल पंप टाकीच्या तळातलं इंधन ओढून इंजेक्टरकडे, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाकडे, ढकलतो, आणि माझ्या टाकीच्या तळाशी पाणी होतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी खाली बसतं आणि पंपाच्या तोंडाशी आधी तेच येतं. हे मला कळलं नऊ दिवसांनी. त्या नऊ दिवसांत एका गॅरेजने माझ्याकडून काय काय उकळलं ते सगळं इथे लिहिते आहे.

गाडी टो करून नेली तेव्हा मी सगळ्यात आधी सांगितलं होतं, "आत्ताच पेट्रोल भरलंय." तिथल्या मुख्य मेकॅनिकने मान हलवली आणि स्कॅनर लावला. मिसफायरचे कोड आले. "मॅडम, कॉइल गेल्यात." कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी प्लगला वीज देणारे भाग, आणि स्पार्क प्लग बदलले. गाडी घरापर्यंत आली, सकाळी पुन्हा बंद. मग इंजेक्टर साफ केले. तरी तेच. मग फ्युएल पंप. प्रत्येक वेळी "आता काही बघायला लागणार नाही" हे ठरलेलं वाक्य, आणि प्रत्येक वेळी वेगळं बिल.

स्कॅनरचं काही चुकलं नव्हतं. सिलिंडरमध्ये जळण नीट होत नाही एवढंच मिसफायरचा कोड सांगतो. का होत नाही, हे माणसाने शोधायचं असतं. आणि चारही सिलिंडरमध्ये एकदम मिसफायर, तोही टाकी भरल्यावर काही मिनिटांत, म्हणजे चारही कॉइल एकाच क्षणी गेल्या असं मानण्याआधी पेट्रोल बघायला हवं. एक बाटली आणि दहा मिनिटं, एवढंच काम होतं.

इथवर मी त्याला अज्ञान म्हटलं असतं. पण पंप बदलायला टाकी उघडावीच लागते. माझ्या गाडीचा पंप टाकीच्या आत आहे. त्यांनी टाकी उघडली, पेट्रोल कॅनमध्ये काढलं, तळाशी पाणी पाहिलं, नवा पंप बसवला आणि वरवरचं "चांगलं" पेट्रोल परत टाकीत ओतलं. हे मला तिथल्याच एका पोऱ्याने नंतर सांगितलं. बिलावर पाण्याचा उल्लेख नाही. "फ्युएल पंप निकामी" एवढंच.

मी जाब विचारला तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "तुम्ही टाकी अर्धीच ठेवता ना? हवेतलं दमट पाणी जमतं." हे पुष्कळ लोक खरं मानतात, मीही मानलं. नंतर हिशेब केला. ३० अंश सेल्सिअसला पूर्ण दमट झालेल्या एक घनमीटर हवेत जेमतेम ३० ग्रॅम पाणी असतं. म्हणजे ५० लिटरची टाकी अगदी रिकामी असली तरी त्या हवेत दीड ग्रॅम. काही थेंब. त्याने गाडी रस्त्यात बंद पडत नाही. पण त्या क्षणी मी गप्प बसले, आणि त्याने "पाणी काढणारं" औषध म्हणून एक बाटली गळ्यात मारली. असल्या बाटल्यांत बहुतेक अल्कोहोल असतं. ते थोडंसं पाणी पेट्रोलमध्ये मिसळवून जाळून टाकायला मदत करतं. तळाशी थर साचला असेल तर त्याचा उपयोग नाही, तिथे टाकी रिकामी करणं हाच इलाज.

दहाव्या दिवशी गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने स्कॅनरला हातही लावला नाही. इंधनाची नळी सोडून पारदर्शक बाटलीत पेट्रोल घेतलं आणि ती उजेडात ठेवली. थोड्या वेळात वर पिवळसर स्वच्छ पेट्रोल आणि खाली दोन बोटं गढूळ थर. बाटली तिरकी केली की मधली रेघ सरळ राहायची. मग त्याने खाण्याच्या लाल रंगाची चिमूट टाकली. ती पेट्रोलमधून तशीच कोरडी खाली गेली आणि खालच्या थराला लागताच लालभडक पसरली. मी बघतच राहिले.

त्याने समजावलेली एक गोष्ट सगळ्यांना माहीत हवी. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाणी आवडतं. दहा टक्के इथेनॉल असेल तर साधारण अर्धा टक्का पाणी ते धरून ठेवतं. त्याहून जास्त झालं की इथेनॉल पाण्यासोबत खाली उतरतं. म्हणून खालचा थर नुसत्या पाण्याचा नसतो, आणि वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही (इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता) उतरलेला असतो. ते वाचवून परत ओतणं चूक. त्याने टाकी पूर्ण रिकामी केली, लाइन धुतली, फिल्टर बदलला, ताजं पेट्रोल भरलं. गाडी पहिल्याच चावीला लागली.

पेट्रोल पंपावर तक्रार करायला गेले तर त्यांनी नमुना मागितला, आणि पाण्याचा उल्लेख असलेला कागद. भरलेलं पेट्रोल पहिल्याच गॅरेजमध्ये उपसून झालेलं, पुढचा नमुना नऊ दिवसांनंतरचा, आणि बिलावर "फ्युएल पंप निकामी". माझं म्हणणं तिथेच संपलं. गाडी भरल्या भरल्या बंद पडली तर चावी फिरवू नका, पावती सांभाळा, आणि कोणी पाना लावायच्या आधी तुमच्यासमोर बाटलीत नमुना काढून घ्या. एक बाटली सीलबंद करून स्वतःकडे ठेवा. टाकीत काय सापडलं ते बिलावर लिहून घ्या. डिझेल गाडीत तर आणखी घाई करा, कारण तिथले पंप आणि इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर चालतात आणि पाण्याने लवकर झिजतात.

बदललेला जुना पंप मी हट्टाने मागून घेतला होता. दुसऱ्या मेकॅनिकने त्याला बारा व्होल्ट देऊन पाहिलं. पहिल्याच झटक्यात फिरला.